कवळीचे पैसे

सकाळी साडेसातला मार्लीन स्टिडमने डेल्फिया नेपियरच्या पुढ्यात नाश्त्याचे ताट ठेवले. ताटात तीन गोळे होते, एक पिवळा, एक पांढरट आणि एक करडा. आइसक्रीम काढायच्या चमच्याने काढल्यासारखे ते तिन्ही नेमके एकाच आकाराचे होते.

"यातला जिवंतपणी चालत होता तो कुठला?" डेल्फियाने विचारले.

"करडा. सॉसेज आहे ते."

"बिचारं डुक्कर. एकदा खाटकाकडे मेलं, एकदा मिक्सरमध्ये."

मार्लीन मास्कच्या आड हसली आणि तिने चमचा भरला. या वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून तिला एकोणीस वर्षे झाली होती. कोळशाच्या खाणी बंद पडल्यापासून केंटकीच्या त्या डोंगराळ गावात पगाराची नोकरी म्हणजे शाळा, तुरुंग किंवा हा वृद्धाश्रम. ती मिळाली की माणूस सोडत नाही, आणि फारसे विचारतही नाही.

डेल्फियाला मऊ खाण्याचे पथ्य कुणा डॉक्टरने दिलेले नव्हते. मार्चमध्ये कोरोनाची साथ आली त्या आठवड्यात सगळीच धांदल होती. तिने कागदी रुमालात गुंडाळून ताटात ठेवलेली कवळी कुणीतरी उष्ट्यासकट कचऱ्यात टाकली. कार्यालयाकडून लेखी उत्तर आले की वैयक्तिक वस्तूंची जबाबदारी ज्याची त्याची. गरिबांच्या ज्या सरकारी योजनेतून तिचा इथला खर्च भागत होता, तिच्यात कवळी बसत नव्हती. तिच्या पेन्शनमधून महिन्याला चाळीस डॉलर तेवढे तिला हातखर्चाला मिळत. चाळीस डॉलरमध्ये कवळी होत नाही.

मग एप्रिलमध्ये सरकारने करदात्यांना मदत पाठवली, माणशी बाराशे डॉलर. पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांनाही न मागता मिळाली. डेल्फियाने एकतीस वर्षे कारखान्यात कामगारांच्या डांगऱ्या शिवल्या होत्या आणि दर आठवड्याच्या पगारातून कर कापून दिला होता. त्या दिवशी ती सगळ्यांना सांगत सुटली, "इतकी वर्षं कापत होते, एकदा उलटं आलं." खाली गावातला दंतवैद्य तेवढ्या पैशांत पूर्ण कवळी करून द्यायला तयार होता. डेल्फियाने पहिल्या दिवशी काय खायचे तेही ठरवले होते. सफरचंदाचे सारण भरून तळलेली 'ॲपल पाय', कडा कुरकुरीत झालेली.

कवळी झाली नाही. पैसे आले ते आश्रमाच्या ताब्यातल्या खात्यात आणि मे महिन्यात तिथूनच गेले. 'निवासखर्चात समायोजन' असे लिहिलेल्या एका कागदावर डेल्फियाची थरथरती सही होती. ज्यांचा हात चालत नाही किंवा डोके चालत नाही अशांच्या सहीखाली साक्षीदार लागतो. डेल्फियाची दृष्टी अधू, म्हणून तिलाही साक्षीदार दिला होता. तो साक्षीदार म्हणजे मार्लीन.

आज बुधवार होता, डिसेंबरचा तिसरा आठवडा. टीव्हीवर दिवसभर एकच चर्चा चालू होती. संसद दुसऱ्यांदा मदत देणार म्हणे. कुणी सहाशे डॉलर सांगत होते, कुणी दोन हजार, कुणी तर साथ संपेपर्यंत दरमहा. जेवणघर बंद असल्यामुळे म्हातारी माणसे आपापल्या दारात चाकाच्या खुर्च्या ओढून बसत आणि या दारातून त्या दाराशी बोलत. एकीला नातवाला सायकल घ्यायची होती, एकाला बायकोच्या थडग्यावर दगड बसवायचा होता.

व्यवस्थापक मिस्टर हेन्सली यांनी कायदा मंजूर व्हायची वाट पाहिली नाही. नऊ वाजता त्यांनी मार्लीनला कार्यालयात बोलावले आणि कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला.

"पूर्वेकडची बाजू तुझी. जेवणाच्या आत होऊ दे. प्रत्येक सहीमागे एक कपकेक आहे, लाल साखरेचा. सणाचे दिवस आहेत."

मार्लीनने वाचले. मागच्या वेळी कागद एकाच रकमेचा होता. या वेळी लिहिले होते, 'केंद्र सरकारकडून आता येणारी व यापुढे केव्हाही येणारी प्रत्येक मदत मी स्वखुशीने...'

"यापुढे केव्हाही?" तिने विचारले.

"दर वेळी त्यांना त्रास कशाला? थकलेली माणसं आहेत." हेन्सली यांचा आवाज नेहमी मऊ असे, इतका मऊ की त्याला बोट लावले तर बोट आत जाईल. "त्यांचा खर्च सरकार भरतं. वर आणखी पैसे आले तर ते कुणाचे? ज्याच्या घरात राहतात त्याचे. नाहीतर उद्या योजनेतून नावं कमी होतील बिचाऱ्यांची."

त्यांच्या मागे काचेच्या मोठ्या टाकीत नारिंगी मासे फिरत होते. टाकी उन्हाळ्यात आली होती. ती आल्यावर डेल्फिया एवढेच म्हणाली होती की माशांचे बरे असते, त्यांना कवळी लागत नाही.

पहिल्या खोलीत बर्ल साइझमोर होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा खाणकामगार, सकाळचे संध्याकाळी आठवत नसे. मार्लीनने त्याच्या बोटांत पेन दिले आणि त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. तिथे असेच करायची रीत होती. त्याला 'हात धरणे' म्हणत, आणि चांगली मदतनीस म्हणजे जिचा हात हलका ती.

"पाळीचा पगार का, बाई?" बर्लने विचारले.

मार्लीन गप्प राहिली असती तरी चालले असते. पण तिला अजून बऱ्याच खोल्या उरकायच्या होत्या.

"हो," ती म्हणाली.

बर्लने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सही केली. "रविवारी पण उतरलो होतो खाली. तो जादा दिवस धरलाय ना?"

"धरलाय."

"मग ठीक." त्याने कपकेक घेतला, चाखला आणि अर्धा रुमालात बांधला. "हा घरी. हिला गोड फार आवडतं."

त्याची बायको जाऊन चौदा वर्षे झाली होती. मार्लीनने कागदाच्या खालच्या ओळीवर आपले नाव लिहिले. बाहेर येऊन तिने हात धुतले, पुढच्या खोलीनंतर पुन्हा धुतले, त्यापुढच्या दोन खोल्यांनंतरही. साथीचा नियमच होता तसा. पण चौथ्या वेळी ती मनगटापर्यंत घासत राहिली. साबणाच्या फेसात तिला आपलेच हात पाहवेनात.

डेल्फियाने कागद पाहिला आणि कपकेकवरची साखर बोटाने चाटून घेतली.

"साखर घेते. सही नाही."

"मिस डेल्फिया, मला उशीर होतोय."

"शनिवारी रेडिओवर तो म्हातारा वकील असतो ना, लोक फोन करून विचारतात त्याला. एका बाईनं हेच विचारलं. तो म्हणाला, ती कराची परतफेड आहे, कमाई नव्हे. योजनेसाठी ती शिल्लक म्हणून वर्षभर धरतही नाहीत. वृद्धाश्रमानं तिला हात लावायचा नाही, आणि लावला असेल तर पैसे परत द्यायचे. तक्रारीचा नंबर त्यानं तीनदा सांगितला. पाठ केलाय मी."

"रेडिओवर काय, काहीही सांगतात."

"सांगतात. कागदावरही काहीही लिहितात, पोरी, आणि तू त्याखाली सही करतेस."

ती हे रागाने म्हणाली नाही. धागा तुटला आहे असे शेजारणीला दाखवावे तसे म्हणाली. मार्लीन सहीविना कागद घेऊन कार्यालयात परतली.

बाराच्या सुमारास हेन्सली स्वतः मार्लीनला घेऊन आले. "काय म्हणतेय आमची राणी? रुसली म्हणे." त्यांनी खिडकीचा पडदा सरकवला. बाहेर गोठलेल्या फुलझाडांच्या वाफ्यात डेल्फियाची मुलगी ट्रीव्हा उभी होती. नऊ महिने मायलेकींची भेट अशीच काचेतून होत होती. ट्रीव्हा दुकानात गल्ल्यावर काम करी. जेवणाच्या सुट्टीत फोन करून तिला बोलावून घेतले होते, दुकानाचा पिवळा अंगरखाही अंगावर तसाच होता. हेन्सली यांनी मोबाइल स्पीकरवर टाकून पलंगावर ठेवला.

"आई, कर ना गं सही," ट्रीव्हाचा आवाज आला.

"का?"

"साहेब म्हणतात, कागद अपुरे असले तर खाटेचा फेरविचार करावा लागतो. या काउंटीत दुसरीकडे खाट नाही. दीड तासावर पाठवतील तुला. माझ्या गाडीला त्या चढावर दम नाही. मी कशी येऊ तिकडे?"

"मी असं काही म्हणालो नाही," हेन्सली मऊपणे म्हणाले. "नियम सांगितला फक्त."

डेल्फिया काचेकडे बघत राहिली. ट्रीव्हाने हातमोजा काढून तळवा काचेला लावला होता, थंडीने लाल झालेला.

"दे पेन," डेल्फिया म्हणाली. "मला पातळ खायची सवय झालीच आहे."

तिने कागद जवळ ओढला आणि नावाचे पहिले अक्षर काढायला सुरुवात केली. हेन्सली यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवले. "साक्षीदार इथे, मार्लीन."

इतकी वर्षे त्या ओळीने मार्लीनला काही विचारले नव्हते. घरी तिची मुलगी, मुलीची दोन पोरे आणि एकच पगार, हे तिने त्या क्षणीही डोक्यात मोजले. मग तिने वाकून मोबाइलजवळ तोंड नेले, म्हणजे काचेपलीकडे नीट ऐकू जावे.

"ट्रीव्हा, हे पैसे तुझ्या आईचे आहेत. कायद्याने त्यांना हात लावता येत नाही म्हणतात. आईची कवळी एप्रिलमध्येच झाली असती. ते पैसे मे महिन्यात यांनी घेतले."

"ते खर्चात वळते झाले ना? तिनं सही केली होती."

"हात मी धरला होता. कागदावर काय लिहिलंय ते मी तिला वाचून दाखवलं नाही. साक्षीदार म्हणून नाव माझंच आहे. आज मी लिहिणार नाही."



"मार्लीन," हेन्सली म्हणाले, आवाज तसाच, "तू दमली आहेस. बॅज टेबलावर ठेव आणि घरी जा. उद्याही येऊ नकोस. साक्षीला दुसरं कुणी मिळेल."

"आई," ट्रीव्हा काचेपलीकडून म्हणाली, "पेन ठेव खाली."

"आणि खाट?"

"दीड तास तर दीड तास. रविवारी येईन, गाडी ढकलत येईन. पण कवळी घालून जाशील तू."

डेल्फियाने पेन ठेवले. अर्धे अक्षर कागदावर तसेच राहिले. हेन्सली यांनी कागद उचलला, त्याची घडी केली आणि खिशातून जंतुनाशकाची बाटली काढून आपले हात पुसले. मग मार्लीनकडे बघून डेल्फियाने एक एक आकडा सावकाश उच्चारत तक्रारीचा नंबर सांगितला. मार्लीनने तो मनगटावर लिहून घेतला.

आवारात गाडीत बसून तिने फोन लावला. बराच वेळ संगीत वाजले. मग राज्याच्या वृद्धसेवा तक्रार कार्यालयातली एक बाई बोलू लागली. आवाजावरून ती सकाळपासून हेच ऐकत असावी.

"मदतीचे पैसे का? आजची पाचवी तक्रार. आश्रमाचं नाव सांगा."

मार्लीनने सांगितले.

"किती जणांचे घेतले, काही अंदाज?"

"माझ्या बाजूचे मे महिन्यात अकरा जण. आज चार, ते पैसे अजून यायचेत. सगळी नावं सांगते. त्यातल्या तिघांना आपली नावंही आठवणार नाहीत, म्हणून मलाच सांगावी लागतील."

"ठीक. आणि हे करणाऱ्यांची नावं? जेवढी माहीत असतील तेवढी."

डेल्फियाच्या खिडकीशी ट्रीव्हा अजून काचेला तळवा लावून उभी होती. मार्लीनने तिकडे पाहिले.

"पहिलं मार्लीन स्टिडम लिहा," ती म्हणाली. "मदतनीस. प्रत्येक कागदावर सापडेल तुम्हाला, अगदी खालच्या ओळीत. मग दुसरं सांगते."