झोर्नित्साची हिरवी ओळ

दंतवैद्यक शिकवणाऱ्या वेलिच्कोवाबाईंच्या लेकीला जुळे झाले ते साल दोन हजार सोळा. त्याच साली बल्गेरियातल्या प्लोव्दिव शहरात, त्यांच्या दंतमहाविद्यालयात, रुग्णांच्या खुर्च्यांसमोर मला टांगले. मित्रांनो, मी विजेवर उजळणारा एक जुना फलक आहे. प्रत्येक विद्यार्थ्याची माझ्यावर एक ओळ असे. किती दात भरले, किती काढले, ते मी दाखवी. काम अपुरे असले की ओळ लाल, पुरे झाले की हिरवी.

पूर्वी या नोंदी वह्यांत असत. वह्या हरवत, सह्या राहून जात. मी आल्यावर कोण मागे पडले ते बाईंना वेळेवर कळू लागले. त्या त्याला जवळ बसवून शिकवीत. मला फार अभिमान वाटे.

रुग्ण मात्र ज्याचे त्याने आणायचे, अशी तिथली रीत. मावश्या, शेजारी, गावचा पोस्टमन, सगळे येत. दोन हजार एकोणीसच्या मार्चमध्ये एके दिवशी झोर्नित्सा नावाच्या विद्यार्थिनीच्या ओळीत एक दात भरायचा उरला होता आणि मुदत त्याच दुपारी संपत होती. तिने गावाहून आपल्या स्तामेन आजोबांना आणले.

"पोरी, सहाच दात उरलेत. जपून वापर, पुढच्या परीक्षेलाही लागतील."

"आजोबा, गप्प बसा आणि आ करा!"

"गप्प बसू की आ करू? एक काय ते ठरव."

तिला त्यांच्या जिभेखाली पांढरा चट्टा दिसला.

"हे कधीपासून?"

"नाताळपासून असेल. सूपानं पोळलं. तू तुझं काम कर."

तिने वळून माझ्याकडे पाहिले. माझ्यावर जिभेसाठी रकानाच नव्हता. तिची लाल ओळ मात्र लखलखत होती. "पुढच्या वेळी बाईंना दाखवू," असे म्हणून तिने दात भरला. मी हिरवा झालो. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. ओळ हिरवी झाली, म्हणून पुढची वेळ कोणी ठरवलीच नाही.

पानगळीत आजोबांना घास गिळेना. तो चट्टा कर्करोगाचा निघाला. झोर्नित्सा बाईंसमोर उभी राहिली.

"मी पाहिलं होतं, बाई."

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "काय मोजायचं ते मीच ठरवलं होतं, पोरी."

आता तिथे नवा फलक आहे. त्याचा पहिला रकाना गाल, जीभ आणि हिरड्या तपासल्याचा. तो भरल्याशिवाय पुढचे काम नोंदवताच येत नाही. मी अडगळीत धूळ खात पडलो आहे. माझी तक्रार नाही. अडखळलेल्या पोरीला मीच घाई केली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांकडे जरूर बघा, पण आधी समोर आ करून बसलेल्या माणसाकडे बघा. रकान्यात न मावणारे काही दिसले, तर त्याच क्षणी मोठ्याने सांगा.

स्तामेन आजोबा सोमवारी, तीन फेब्रुवारी दोन हजार वीस रोजी सकाळी वारले. वय अठ्ठ्याहत्तर. झोर्नित्सा जवळ होती.