दाताला न चिकटणारी साखर

मी एक जुनी, जाड बुडाची पातेली आहे, मित्रांनो. माझा दांडा जरा डुगडुगतो, एका बाजूला पोचा आहे, पण माझ्या बुडाबद्दल कुणी एक शब्द काढायचा नाही! ज्या कारागिरानं मला घडवलं त्याच्यावर मालक ओरडला होता, "अरे, एका पातेलीत दोन पातेल्यांचा पत्रा घातलास!" कारागिरानं मला उलटं धरलं, बुडावर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि विक्रीच्या ढिगात ठेवून दिलं.

या घरात आले तेव्हा माझा काय थाट होता! पंधरा वर्षं दूध माझ्यातच तापलं. "हिच्यात दूध कधी लागत नाही," असं घरातली आई शेजारणींना सांगायची आणि मी शेगडीवर ऐटीत बसायचे. मग एक दिवस काचेच्या झाकणाची, काळी कुळकुळीत, हलकीफुलकी पातेली आली. म्हटलं, नव्याचे नऊ दिवस, जातील. कसले जातात! माझ्यात कपड्यांचे चिमटे भरले आणि मला बाल्कनीत ठेवलं. तीन वर्षं. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं.

बाल्कनीतून मला दोन खोल्या दिसायच्या. एकीत आत्या, म्हणजे त्या आईची नणंद, काम करायची. आत्या दात बनवते. म्हणजे दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचं माप पाठवतात आणि ती त्यावरून कवळी तयार करते. तिच्या टेबलावर मेण, प्लास्टर, बारीक कानशी आणि बिजागरीवर उघडमीट होणारा एक प्लास्टरचा जबडा. नवी कवळी त्या जबड्यावर बसवायची, टकटक मिटवून बघायची आणि केसाएवढा फरक दिसला तरी पुन्हा कानस हातात घ्यायची. इतकं जीव ओतून काम करणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

दुसऱ्या खोलीत आजोबा, म्हणजे आत्याचे वडील. त्यांची कवळीही आत्यानंच केली होती. पण एकदा ते कुणाकडे तरी गेले असताना त्यांनी चिकट टॉफी खाल्ली आणि टॉफीबरोबर वरची कवळीच बाहेर आली. चारचौघांत! सगळे हसले. हसणारे दुसऱ्या दिवशी विसरलेही असतील, आजोबा नाही विसरले. तेव्हापासून कवळी वाटीतल्या पाण्यात आणि आजोबा खोलीत. जेवण कुस्करून, पातळ करून ताट आत जायचं आणि दार लोटलं जायचं. आठ महिने ते घरच्यांबरोबर जेवायला बसले नव्हते. आत्यानं ती कवळी सात वेळा सुधारून परत वाटीत ठेवली. ते ती लावून बघायलाही तयार नव्हते.

"अख्ख्या गावाला चावायला दात देते मी, आणि माझा बाप कुस्करून खातो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," आत्या एकदा भिंगरीला म्हणाली.

भिंगरी ही तिची दहा वर्षांची भाची. एका जागी ठरत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. पण पोरीची नजर मात्र मोठी बारीक. आजोबा फोनवर एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावतात हे तिनंच टिपलं. त्यात चिनी पद्धतीची साखरफळं होती. बांबूच्या काडीवर फळं ओवलेली आणि वर काचेसारखा साखरेचा थर. कुणीतरी चावतं, कर्र असा आवाज येतो, आणि तो आवाज आला की आजोबांचं बोळकं आपोआप मिटतं.

"आत्या, आपण ती घरी करू या. आजोबांसाठी," भिंगरी म्हणाली.

आत्यानं कानस खाली ठेवली. "अगं, साखर कच्ची राहिली की डिंकासारखी चिकटते. पुन्हा एकदा कवळी बाहेर आली ना, तर ते ती वाटीसकट फेकून देतील. मग आपण काही केलं तरी व्यर्थ."

"आणि पक्की झाली तर?"

"पक्की झाली तर फुटते. चिकटत नाही." आत्या उठली. "नव्या पातेलीत नको. पातळ बुडाला साखर करपते. ती चिमट्यांची पातेली आण."

मित्रांनो, माझ्यातले चिमटे घळाघळा जमिनीवर ओतले गेले तेव्हाचा आनंद मी काय सांगू!

घरात तेव्हा तिघंच होती. भिंगरीचे आईबाबा कामावर गेले होते. स्ट्रॉबेऱ्या आणि द्राक्षं धुऊन, पुसून पंख्याखाली वाळत घातली, कारण फळाला थेंबभर पाणी राहिलं तरी साखर धरत नाही. माझ्यात दोन वाट्या साखर आणि एक वाटी पाणी पडलं. "एकदा उकळी आली की ढवळायचं नाही," आत्यानं बजावलं. पण भिंगरीच ती! आत्या काड्या आणायला वळली आणि हिनं चमचा फिरवला. बघता बघता सगळा पाक पांढरा पडून वाळूसारखा रवाळ झाला.

"शिक्षा कुणाला करू, चमच्याला की तुला?" आत्या म्हणाली. रागावली मात्र नाही. कोमट पाणी घालून मला स्वच्छ केलं आणि पुन्हा साखर मोजली.

दुसऱ्या खेपेला भिंगरी स्टुलावर स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसली. पण धीर कुठून आणणार? बुडबुडे दिसले की "झालं, झालं!" आत्यानंही ऐकलं आणि गॅस बंद केला. फळं बुडवली, ताटलीत ठेवली. दिसायला काय सुरेख! पण आत्या म्हणाली, "थांब. आधी परीक्षा." तिनं टेबलावरचा प्लास्टरचा जबडा आणला, धुतलेली एक सरावाची कवळी त्याच्यावर बसवली, मधे स्ट्रॉबेरी धरली आणि जबडा मिटवला. काही आवाज आला नाही. उघडला, तर वरची कवळी जागा सोडून स्ट्रॉबेरीला चिकटून लोंबत होती.

भिंगरी खोखो हसत सुटली. मग तिचं लक्ष आत्याकडे गेलं. आत्या हसत नव्हती.

"आजोबांचं असंच झालं होतं ना?" भिंगरीनं विचारलं.

"असंच."

भिंगरीनं जाऊन साखरेचा डबा आणला.

डब्यात आता एका खेपेचीच साखर उरली होती. तिसऱ्यांदा मी गॅसवर चढले. मित्रांनो, त्या वेळी मी माझ्या जाड बुडाची सगळी ताकद लावली. आच कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. आणि त्या पोरीचं मला इतकं कौतुक वाटलं! जी कधी दोन मिनिटं बसत नाही, ती वीस मिनिटं माझ्यावर डोळे लावून बसली. तिनं चमच्याला हातसुद्धा लावला नाही. आत्या गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघत होती. पहिला थेंब पसरला. दुसरा रबरासारखा ताणला गेला. भिंगरीच म्हणाली, "अजून नाही." बुडबुडे मोठे आणि संथ झाले, पाकाला फिकट मधाचा रंग आला, तेव्हा तिसरा थेंब वाटीत टिक् वाजला आणि दाताखाली कडकन फुटला.

आत्यानं मला तिरकं धरलं, भिंगरीनं काड्या बुडवून, फिरवून, निथळून तेल लावलेल्या ताटलीत ठेवल्या. पुन्हा जबडा आला. कर्र! साखरेच्या काचा उडाल्या आणि कवळी जागच्या जागी.

"चल, पळ!" आत्या म्हणाली. "अर्ध्या तासात हवेनं ओलावते ही. मग पुन्हा चिकट."

दोघी आजोबांच्या दाराशी गेल्या. स्वयंपाकघर लागूनच आहे, मला सगळं दिसत आणि ऐकू येत होतं.

"आजोबा, साखरफळं केलीत. कवळी लावा आणि चावा."

"नको गं बाळा. एकदा शोभा झाली तेवढी पुरे."

"आमच्यासमोर नका खाऊ. दार लावून घ्या. पण लवकर, साखर पाझरायला लागेल!"

"बाबा, मी जबड्यावर बघितलंय," आत्या म्हणाली. "चिकटत नाही."

"तुझा जबडा प्लास्टरचा. त्याला लाज नसते."

घड्याळ आपलं टिकटिकत होतं. मग भिंगरीचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच हळू.

"आजोबा, मघाशी साखर कच्ची राहिली आणि त्या जबड्यातून कवळी बाहेर आली. तेव्हा मी हसले. मग मला तुमची आठवण आली. म्हणून मी पुन्हा केली. आता नाही चिकटत. खरंच."

दार थोडंसं उघडलं. एक हात बाहेर आला, काडी घेऊन आत गेला आणि दार लागलं. वाटीतलं पाणी डुचमळल्याचा आवाज आला. आत्या भिंतीला टेकून उभी राहिली. मी शेगडीवर गार होत होते, पण जीव सगळा त्या दाराकडे.

कर्र.

आणि थोड्या वेळानं पुन्हा, कर्र, कर्र!

आजोबा बाहेर आले. मिशीवर साखरेचा कण, हातात अर्धी काडी. स्वयंपाकघरात येऊन खुर्ची ओढून बसले आणि आत्याकडे बघत म्हणाले, "दोन्ही बाजूंनी सारखी बसलीय."

"हो," आत्या म्हणाली.

"सात वेळा घासलीस. दर वेळी तू ठेवून गेलीस की मी वाटीतून काढून बघायचो, आज कुठे घासलीय ते. सापडायचं मला. लावायचाच धीर होत नव्हता." त्यांनी अर्धी काडी ताटलीत ठेवली. "तुझ्या हातात कसब आहे, पोरी. मी आठ महिने हे बोललो नाही, माझं चुकलं."

आत्या ओट्याकडे तोंड करून रडली आणि भिंगरीनं तिच्या हातात दुसरी काडी दिली. "आत्या, खा आधी. साखर ओलावतेय!"

रात्री आईनं ताटं वाढली आणि सवयीनं आजोबांचं ताट आत न्यायला उचललं. "ते इथंच ठेव, सूनबाई," आजोबा म्हणाले. "आणि माझं कुस्करू नकोस."

मित्रांनो, माझ्यासारख्या पातेलीच्या तळाशी पाक कडक होऊन बसला, तर सुरीनं खरवडू नका. पाणी घाला, मंद आचेवर ठेवा, सुटतो तो. आणि तुमच्या घरातही कुणाचं ताट रोज आत जात असेल, तर "त्यांना तसंच आवडतं" असं म्हणून गप्प बसू नका. दार वाजवा. आतून आधी "नको"च ऐकू येईल. तरी तिथून हलू नका.