कॉक बंदच राहिला

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना कॉक आहे. मूठ आडवी केली की पाणी थांबवायचं, सरळ केली की सोडायचं, एवढंच माझं काम. दुकानाच्या फळीवर मी लखलखत होतो, तेव्हा बद्रीनाथ मिस्त्रींनी मला उचललं.

पडेगावच्या रस्त्यावर कापसातली सरकी काढणारी एक जिनिंग होती. तिथं आग विझवायचा पंप बसत होता. आगीच्या नळातला दाब पडला की पंपानं आपोआप सुरू व्हायचं. दाब पडल्याची ती खबर एका बारीक नळीतून स्विचपर्यंत जायची.

"नकाशात या नळीवर बिनमुठीचे व्हॉल्व्ह दाखवलेत," मिस्त्री म्हणाले. "पण दाब दाखवणारं गेज बदलायचं झालं तर पाणी बंद कुठून करायचं? हा कॉक लई सोयीचा."

"बराबर है मिस्त्री," पंप चालवणारे मुबारकभाई म्हणाले.

मी फुगून गेलो. कित्येक वर्षं गेज बदलताना सगळे माझीच तारीफ करत. पुढं माझ्यावर धूळ बसली.

एका दुपारी गेज गळू लागलं. मिस्त्रींनी मला बंद करून नवं गेज लावलं. मग मला उघडून नळीत दाब भरला आणि गेज गळतंय का पाहायला पुन्हा बंद केलं. तेवढ्यात मशीनचा पट्टा तुटल्याची हाक आली आणि ते धावले. मी बंदच राहिलो.

दोन दिवसांनी कापसानं पेट घेतला. तिथं काम करणाऱ्या बायांनी आगीचा नळ उघडला. पाणी जोरात आलं, मग करंगळीएवढं झालं. नळातला दाब पडला होता, पण माझ्या पलीकडं जुनाच दाब कोंडलेला. स्विचला वाटलं, सगळं ठीक आहे. पंप मुकाट राहिला. मुबारकभाईंनी धावत येऊन तो हातानं चालू केला, तोवर त्यांच्यातल्या सरूबाईला आगीतून ओढून काढताना भागूबाईचे दोन्ही हात भाजले होते.

आग विझल्यावर मिस्त्री एकटेच पंपघरात आले. माझी आडवी मूठ पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांचा हात माझ्याकडं आला. त्यांनी मला गुपचूप उघडावं, म्हणजे कुणाला काही कळणार नाही, असं मला वाटलं. मित्रांनो, त्या विचाराची लाज मला अजून सोडत नाही.

मिस्त्रींनी हात मागं घेतला आणि दारातून हाक मारली. "मुबारकभाई, याला कुणी शिवू नका. जसा हाय तसाच मालकाला दाखवायचा."

हाताला पट्ट्या बांधलेली भागूबाई पंपघरात आली, तेव्हा मिस्त्रींनी तिलाही मला दाखवलं.

"एवढुसा? याच्यापायी झालं व्हय?"

"याच्यापायी नाय, बाई. माझ्यापायी."

ती पट्ट्यांतले हात छातीशी धरून निघून गेली. मिस्त्री खाली मान घालून उभे होते. मला मान खाली घालता येत नाही, एवढाच फरक.

त्यांनी स्वतः मला काढलं. माझ्या जागी नकाशातले ते बिनमुठीचे दोन व्हॉल्व्ह बसले. त्यांच्या झडपेला बारीक भोक आहे. ते दाबाचे धक्के सोसतात, पण खबर अडवत नाहीत. मी आता हात धुवायच्या नळावर आहे.

मित्रांनो, वस्तू निवडताना ती किती सोयीची आहे एवढंच पाहू नका. घाईत कुणी ती विसरलं तर काय होईल, हेही पाहा. आणि बंद केलेलं काही असेल, तर ते उघडूनच तिथून हला. आम्हाला स्वतःहून उघडता येत नाही.