गंजीतली धग

आमच्या मालकांचं नाव चंद्रभान. मी ते सरळ घेते, माझ्या वयाला आता उखाणा लागत नाही. माणूस कष्टाळू, पण आडमुठा. त्यांना काही समजावायचं म्हणजे दाताच्या कण्या करून घ्यायच्या.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमचं सोयाबीन निघालं. त्याच्या आदल्या साली विकतचं बी उगवलंच नव्हतं, म्हणून पुढच्या साली पेरायचं ते घरचंच, असं मालकांनी ठरवलं होतं. सोयाबीन कापून खळ्यावर गंजी लावली आणि पाऊस कोसळला. भिजलेल्या गंजीवर मालकांनी ताडपत्री ओढली, कडेनं दगड मांडले. पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी ताडपत्री काढेनात. आमच्याकडे एकदा झाकलेली गंजी मळणीयंत्र येईपर्यंत कुणी उघडत नाही, आणि यंत्रवाला अजून झरी गावातच अडकला होता.

मी वैरण आणायला खळ्यावर गेले, तर मालक ताडपत्रीखाली हात घालून खुशीत उभे.

"हात घालून बघ. कसली ऊब हाय! आपोआप वाळायलंय."

मी हात घातला. खरंच ऊब होती. मलाही बरं वाटलं, आणि घरी येऊन सुनेला सांगितलं. शिवकन्या म्हणजे आमच्या पोराची, भारतची बायको, सोनपेठची, बारावी सायन्स झालेली. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"आत्या, ते वाळत न्हाई. बी मरायलंय."

मला असा राग आला! सणासुदीच्या तोंडावर धान्याला मरायलंय म्हणावं?

"जीभ आवर," मी म्हणाले. "आमी काय आजच शेती करायलोत व्हय?"

दुसरी असती तर गप्प बसली असती. हिनं दाभणाच्या टोकाला एक शेंगदाणा टोचला, चुलीच्या जाळावर धरून पेटवला आणि पळीत घोटभर पाणी घेऊन तो पळीच्या बुडाखाली धरला. एवढासा दाणा, पण समईच्या वातीसारखा जळत राहिला. मी पाण्यात बोट घातलं. चटका बसला.

"ही धग कुठून आली, आत्या?"

"दाण्यातून. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"हाच दाणा आपण खाल्ला, तर हीच धग अंगात सावकाश निघती. तिच्यावरच आपण चालतो, कामं करतो. बियाणं बी जित्तं असतं. कोरडं असलं की झोपल्यावानी राहतं. ओलं झालं की जागं होतं, श्वास घेतं, अन् पोटातलीच शिदोरी जाळायला लागतं. ती शिदोरी कोंबासाठी असती. गंजीतली ऊब म्हंजे तीच. वरून कोंडल्यावर ती धग जाणार कुठं? आतच साचती, अन् बी मरून जातं."

मी जन्मभर मटकी फडक्यात बांधत आले. सकाळी फडकं सोडताना मोड आलेली मटकी कोमट लागते, पण का लागते, हे कधी मनात आलं नव्हतं. मी उठले, भारतला हाक मारली आणि सुनेला म्हणाले, "चल."

खळ्यावर मालक आडवे आले. "ताडपत्रीला हात लावशील तर बघ! पुन्हा पाऊस आला तर?"

"आला तर झाकू. आधी पार आतपर्यंत हात घाला."

त्यांनी हट्टानं खांद्यापर्यंत हात खुपसला आणि झटकन बाहेर काढला. मुठीतल्या शेंगा गरम होत्या, कुबट वास मारत होत्या. मालकांचं तोंड उतरलं. मग त्यांनीच दगड ढकलले. आम्ही गंजी मोडली, मधलं काळवंडलेलं बाजूला काढलं आणि बाकीचं खळ्यावर पातळ पसरलं. शेंगा खुळखुळेपर्यंत उलथीपालथी करत राहिलो.

मळणी झाली, बी पोत्यात गेलं, तरी माझा जीव टांगणीलाच होता. वरून पिवळंधमक दिसणारं बी आतून जिवंत आहे की मेलेलं, हे दिसतं कुणाला?

मृग जवळ आला तेव्हा शिवकन्येनं ओल्या गोणपाटावर बी ओळीनं मांडून गुंडाळी करून ठेवली. ती सोडायच्या दिवशी मालक सकाळपासून उगाच अंगणात घुटमळत होते. गोणपाट उघडलं आणि आत पांढरे, जाडजूड कोंब! सगळीकडे नव्हते, मध्येमध्ये काही दाणे कुजून गिळगिळीत झाले होते. पण दहातले सातेक तरी उगवले होते. पेरणीपुरतं बी आमचं आमच्या घरात होतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मालक खाली बसले. कोंबांवरून हळूच बोट फिरवलं आणि मान वर न करता म्हणाले, "सगळं न्हाई उगवलं. म्हंजे दाट पेरावं लागंल. एकरी किती जास्त धरू, शिवकन्या?"

तिनं हिशोब करून सांगितलं. मालक ऐकत होते, मान डोलवत होते.

इतकी वर्षं मी यांच्या मागे शेतात राबले, पण किती पेरायचं, हे यांनी मला एकदाही विचारलं नाही. असा संताप आला की ते ओलं गोणपाट उचलून यांच्या डोक्यात घालावं. मग त्या पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, जाऊ दे. या घरात एका बाईला तरी विचारलं गेलं.