उलट वाचलेली पत्रिका

बारा दिवसांत लग्न उरकायचं म्हटलं की माणूस आधी हसतो, मग घाबरतो आणि मग कामाला लागतो. मी हसण्यात आणि घाबरण्यात वेळ घालवला नाही, कारण टिल्लीने बातमी सांगितली तेव्हा बारांतला अर्धा दिवस संपलेला होता.

टिल्ली ही माझी धाकटी बहीण. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून टिल्ली. आता माझ्याहून वीतभर उंच आहे, पण नाव काही वाढलं नाही. तिच्या होणाऱ्या नवऱ्याची परदेशात बदली झाली होती. महिनाअखेरीला निघायचं, आणि बायको म्हणून हिला सोबत न्यायचं तर लग्नाचा दाखला त्याआधी हातात हवा. मुलगा मला पसंत होता. प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करतो, आणि आमच्याकडे आला की न सांगता गळका नळ आवळून जातो. त्याचे आईवडील दुसऱ्या गावी राहतात. त्यांच्याशी बोलणं टिल्लीच करायची. मी दोनदा म्हटलं, मलाही फोन दे. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, लग्नातच भेट, असं ती म्हणाली. मी मान डोलावली. बाहेर मला कुणी सहसा गुंडाळू शकत नाही, पण घरात मी पहिल्या नंबरची भोळी.

हॉल मिळाला तो दुसऱ्या कुणाचं तरी लग्न मोडलं म्हणून. व्यवस्थापक दुखवट्याचा चेहरा करून ती तारीख मला देत होता आणि मी तसाच चेहरा करून घेत होते. आतून आम्ही दोघेही खूश होतो. शिंपीणबाईंनी पंधरा दिवसांच्या आत सुईत दोरासुद्धा ओवणार नाही असं सांगितलं. मी त्यांच्या दुकानात ठाण मांडून बसले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी आमची अडचण पहिल्यापासून सांगायला लागले, तेव्हा तिसऱ्या गिऱ्हाइकाच्या वेळी त्यांनी मला हात जोडले आणि टिल्लीला मापं द्यायला पाठवा म्हणाल्या. जेवणवाल्याने पाहुणे किती हे न विचारता म्हातारे किती हे विचारलं, कारण त्याच्या मते तक्रारी तेच करतात. सगळे शेवटी एकच विचारायचे, मुलीकडून बोलायचं कुणाशी. मी सांगायचे, "आई समजा, बाप समजा, मीच आहे."

ते खरंच होतं. आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, टिल्ली चार. आईला जाऊन तीन महिने झाले नाहीत तोच बाप दुसऱ्या शहरात नोकरी लागली म्हणून निघाला. जम बसला की महिन्याभरात बोलावतो म्हणाला. त्या महिन्याला आता बावीस वर्षं झाली. मी कॉलेज सोडून छापखान्यात लागले. टिल्लीला शाळेतून आणून माझ्या टेबलाखाली बसवायचे, तिथेच ती जेवायची, तिथेच पेंगायची. माझं स्वतःचं लग्न राहून गेलं. कुणी बळजबरी केली नव्हती, म्हणून त्याचं रडगाणं मी गात नाही. पण एक गोष्ट मला हवी होती आणि ती मी टिल्लीपासून कधी लपवली नव्हती. तिच्या लग्नात तिच्या बाजूने मी उभी राहणार. दारात लोकांना या-बसा मी म्हणणार, दाखल्यावर तिच्याकडची सही मी करणार आणि पत्रिकेवर निमंत्रक म्हणून नाव माझं असणार. बावीस वर्षांत मी एवढं एकच मागितलं.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण घात तिथेच झाला. मी मुद्रितशोधक आहे. छापखान्यात मला प्रूफवाली ताई म्हणतात. मजकूर सरळ वाचला की अर्थ लागतो, आणि अर्थ लागला की डोळा चूक गिळून पुढे सरकतो. म्हणून पत्रिका, जाहिराती, पाट्या असला छोटा मजकूर मी शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे वाचते. एकेक शब्द सुटा घ्यायचा, काना-मात्रा-वेलांटी बघायची, मागचा शब्द धरायचा. माझ्या हातून चूक सुटत नाही. पण मजकुरात काय होतं असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. मालक चेष्टेने म्हणतात, हिच्या हातून स्वतःच्या फाशीचा हुकूमसुद्धा बिनचूक सुटेल.

पत्रिकेचा मजकूर मी स्वतः लिहिला होता. चार ओळी, खाली माझं नाव. टिल्ली म्हणाली, मी टाइप करून मालकांना पाठवते, तुझी आधीच किती धावपळ चाललीय. मला भरून आलं. पोरगी शहाणी झाली, असं मी मालकांना कौतुकाने सांगितलंही.

चौथ्या दिवशी प्रूफ माझ्या टेबलावर आलं. गणिताच्या पुस्तकाची चाळीस पानं त्याच दुपारी द्यायची होती. मी पत्रिका पुढ्यात ओढली आणि खालून वर वाचत गेले. शेवटच्या ओळीत एक नाव होतं. ते नाव टिल्लीच्या नावात मधे आहे, माझ्याही नावात मधे आहे, शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत बापाचं नाव आम्हाला चिकटलेलंच आहे, त्यामुळे ते डोळ्याला टोचत नाही. त्यातली एक वेलांटी ऱ्हस्व पडली होती, दीर्घ हवी होती. ती मी लाल शाईने दुरुस्त केली. कोपऱ्यात 'छापावे' असं लिहिलं, खाली सही केली आणि गणिताकडे वळले.

सहाव्या दिवशी सकाळी पत्रिकांचे गठ्ठे तयार होऊन बांधणी विभागात आले. तिथल्या मावशी माझ्याहूनही जुन्या. त्यांनी वरची पत्रिका उचलली, लांब धरून वाचली, मग चष्मा लावून परत वाचली.

"ताई, यात तुमचं नाव कुठंय?"

मी म्हटलं, खाली बघा. त्या म्हणाल्या, खालीच बघतेय. मी त्यांच्या हातातून पत्रिका घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा पत्रिका लोक वाचतात तशी वरून खाली वाचली. आमची कन्या हिचा विवाह, असं होतं. तारीख, वेळ, हॉल. आणि निमंत्रक म्हणून बापाचं नाव, एकट्याचं, माझ्या हाताने सुधारलेल्या वेलांटीसकट.

मला वाटलं, मालकांच्या माणसाने जुन्या कुठल्या तरी कागदावरून उचललं असेल. मी तावातावाने मालकांच्या खोलीत गेले. त्यांनी फाइल उघडली आणि दोन कागद पुढे ठेवले. एक टिल्लीने पाठवलेला मजकूर होता, पाठवणारी म्हणून तिच्या नावासकट. दुसरं माझं प्रूफ, कोपऱ्यात माझी सही. मालक म्हणाले, "मला वाटलं तुमचे वडील परत आलेत. म्हटलं, चांगलंच झालं की."

मी खुर्चीत बसले. मालकांनी थोड्या वेळाने सांगितलं, कागद शिल्लक आहे, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नव्याने छापून देता येईल, तेवढं फक्त हो म्हणा. मी म्हटलं, विचारून येते. माझ्याच बहिणीच्या लग्नात माझंच नाव घालायचं की नाही, ते विचारायला मी घरी निघाले होते.

टिल्ली खोलीत जमिनीवर बसून लिफाफ्यांवर नावं घालत होती. मी केलेली यादी तिच्या गुडघ्याशी होती. मी पत्रिका तिच्यासमोर ठेवली. तिने पेनाला टोपण लावलं, म्हणजे तिला कळलं.

हळूहळू तिने सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी बापाने तिच्या कचेरीच्या पत्त्यावर पत्र पाठवलं होतं. तेव्हापासून ती त्याला भेटत होती. शनिवारी जादा काम असतं म्हणायची, ते हे. लग्नाची बोलणी त्यानेच केली होती, मुलाच्या आईवडिलांकडे तोच दोनदा जाऊन आला होता. टिल्लीने मला बातमी सांगितली तेव्हा सगळं आधीच ठरलेलं होतं. मी हॉलसाठी, शिंपिणीसाठी ज्या लग्नामागे पळत होते ते दुसऱ्याच कुणाच्या घरचं होतं.

"तुला तोंडाने सांगायचा धीर नव्हता," ती म्हणाली. "म्हटलं, प्रूफ तुझ्याकडेच जाईल. वाचशील, चिडशील, मग बोलू. पण तू सही करून पाठवलंस. मला वाटलं, तू मान्य केलंस."

क्षणभर माझा विश्वास बसला. खरं सांगते, मला तो बसायला हवा होता. चूक माझी निघाली असती तर मी सुटले असते. मी स्वतःला शिव्या देत रिकामी झाले असते आणि जेवणवाल्याला फोन लावला असता. मग मला ते टेबल आठवलं. सहा-सात वर्षांची ही त्याच्याखालून डोकं बाहेर काढायची आणि मी उलट वाचत असले की पोट धरून हसायची. तिची शाळेची पुस्तकंही मला तशीच वाचायला लावायची.

"मी पत्रिका कशी वाचते, ते तुला माहीत आहे," मी म्हटलं.

ती लिफाफ्यांची चळत सारखी करत राहिली. सारखीच होती ती.

"टिल्ली, तुला माहीत होतं."

"हो," ती म्हणाली.

बाप गेला तेव्हाही मी इतकी मोडले नव्हते. तो सांगून तरी गेला होता. आणि त्याच्याकडून मला कधी फारशी अपेक्षाच नव्हती. हिच्याकडून होती. तरी मी विचारलं, मालक उद्या दुपारपर्यंत नव्या छापून देतात, त्याच्या नावाशेजारी माझं घालू का. खालीही चालेल, असंही म्हटलं. याची मला अजून लाज वाटते.

ती म्हणाली, नको. मुलाच्या आईवडिलांना सांगितलं होतं की बाबांनी एकट्याने हिला वाढवलं. त्याचं त्यांना फार कौतुक होतं. आता मधेच वेगळं काही निघालं तर ते काय म्हणतील, तारीख पुढे ढकलली तर जाणंच राहील. हे सगळं ती खाली बघत, भराभर बोलली.

"आणि मी कोण, असं सांगितलंयस?"

"मोठी बहीण. नोकरीसाठी बाहेर असायचीस, असं."

बाहेर तो होता. त्याची बावीस वर्षं या दोघांनी माझ्या नावावर टाकली होती आणि माझी त्याच्या. दाखल्यावरची सही त्याचीच होणार का, हे मी विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं.

तिने चळतीतून एक लिफाफा काढला. तो आधीच लिहून वेगळा ठेवलेला दिसत होता. "पहिली पत्रिका तुझीच काढून ठेवली होती, ताई," ती म्हणाली. "तू ये. पुढच्या रांगेत बस. तू आली नाहीस तर मला करमणार नाही."

मी लिफाफा हातात घेतला. तिचं अक्षर सुरेख आहे, मीच वळण लावलंय. वर माझं पूर्ण नाव लिहिलं होतं, बापाच्या नावासकट. त्याखाली, बाकीच्या सगळ्या लिफाफ्यांवर लिहिलं तसंच सवयीने तिने लिहिलं होतं, सहकुटुंब.

मी तो शब्द सरळच वाचला. मग लिफाफा तिच्याकडे वळवून त्यावर बोट ठेवलं.

"कुणाला घेऊन येऊ?"

तिने पाहिलं. आधी तिला समजलं नाही, मग समजलं. तिचा चेहरा लहानपणी रडण्याआधी व्हायचा तसा झाला आणि ती रडायला लागली, नाक ओढत, मोठमोठ्याने. बावीस वर्षं तिचे डोळे पुसायचे ते मीच. मी पर्स उचलली, चपला घातल्या आणि मालकांना आहे त्याच पत्रिका पाठवून द्या असं सांगायला छापखान्यात परत गेले.