डावा पीळ

"पीळ डावीकडे घाल हं, मित्सुए. घरचा दोर उजवा, देवाचा डावा. आणि वळताना तोंड मिटून राहा."

सासूबाईंचे हे शब्द दर वर्षअखेरीला मित्सुएच्या कानात उतरत. गेल्या थंडीत, जाण्याआधी, अंथरुणावरून त्यांनी तिचा हात धरला होता. "माझ्यामागे देवाचा पेंढ्याचा दोर तू वळशील ना?"

ती "हो" म्हणाली होती.

आज सकाळी तोकुजीकाकांनी शिडीवर चढून देवळाच्या कमानीला नवा दोर बांधला. पांढऱ्या कागदाच्या झिरमिळ्या वाऱ्यावर हलल्या. खालून फुसामावशी म्हणाल्या, "काय सुरेख वळलायस गं! अगदी सासूचा हात."

"सासूच्या दोराची कुसं मानेत जायची," काका वरूनच म्हणाले, "दिवसभर खाजवत बसायचो. सुनेनं माझी मान वाचवली!"

सगळे हसले. मित्सुएही हसली.

दोर तिने शहरातल्या दुकानातून आणला होता. प्लास्टिकचा. बोटं दुखत होती, हे खरं. पण लोणच्यासाठी मुळे उपटताना, बरणीवर दाबाचा दगड ठेवताना ती इतकी दुखली नव्हती.

एवढ्यात कमानीवर एक चिमणी उतरली. पेंढ्यात राहिलेले दाणे टिपायला दर वर्षी चिमण्या यायच्या. हिने चोच मारली, मान वाकडी करून पाहिलं, पुन्हा मारली आणि उडून गेली.

देवापुढे प्रार्थनेची टाळी वाजवायला मित्सुएचे हात वर येईनात. मान खाली घालून ती सगळ्यांच्या मागे उभी राहिली.

परवा वर्षाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी दोर बांधलेला देवाला चालत नाही. हातात उद्याचाच दिवस होता. दुपारी ती तोकुजीकाकांच्या अंगणात गेली.

"काका, थोडा पेंढा द्याल?"

"कशाला? थंडीत कोबी झाकायला?"

"नाही." तिचे कान तापले. "सकाळचा दोर... मी वळलेला नव्हता. विकतचा होता."

काका आत गेले. गोठ्यातून लांब काड्यांची एक पेंढी त्यांनी काढून आणली, झटकली, तिच्या पाठीवर नीट बांधली.

"आधी पाणी शिंपड, मग मोगरीनं ठोक. कोरडा तुटतो." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "शिडी मी अजून आत घेतलेली नाही."

मित्सुएनं कमरेत वाकून नमस्कार केला. आभाराचे शब्द ओठांवर आले होते. पण तिने तोंड मिटलं आणि पेंढी सावरत घराची वाट धरली.