हनुवटी त्याची, आवाज भलत्याचाच

मी दाढी बोलतेय. खोटी, पांढरी, छातीपर्यंत लांब. हसू नका, आधीच माझं डोकं फिरलंय!

एका मेकअपवाल्या बाईने जाळीत एकेक केस ओवून मला घडवलं. कशासाठी, तर बायबलच्या काळातल्या एका भव्य मालिकेसाठी. भव्य म्हणे! दगड थर्माकोलचे, प्रलयाचं पाणी टँकरचं आणि एका मेंढपाळाच्या मनगटावर चक्क घड्याळ. उंटसुद्धा कंटाळून जांभया देत होता.

मला हनुवटी मात्र गुणी मिळाली. माणूस औषधांच्या दुकानात कामाला, पण नाटकवेडा. प्रलयाआधी आभाळाकडे बघणाऱ्या म्हाताऱ्याचं काम त्याला मिळालं. वाक्य एकच: "पोरांनो, वर चढा, हे ढग परतायचे नाहीत!" माझ्या डिंकाने बिचाऱ्याची कातडी सोलून निघाली, पण वाक्य असं म्हटलं की उंटाची जांभई अर्ध्यात थांबली.

शूटिंग संपल्यावर आठवण म्हणून त्याने मला मागून घेतलं. घरी त्याची आई. दृष्टी गेलेली, नाटकाला जाणं झेपत नसे. "टीव्हीवर तरी तुझं काम ऐकू दे," हाच तिचा धोशा.

काल तो भाग लागला. आई टीव्हीला कान लावून बसली. ओठ त्याचे हलले, मीही हलले, आणि आवाज? भलत्याचाच! घोगरा, उगाच गडगडणारा. मेल्यांनी विचारलंसुद्धा नाही! चेहरा मी झाकलेला, आवाज यांनी काढून घेतलेला. त्याचं म्हणून उरलं काय? नाक!

पुढचं दृश्य सुरू झालं तरी आईचा कान तिथेच. "कधी रे येणार तू?"

"येऊन गेलो, आई. आवाज दुसऱ्याचा लावलाय."

तिने टीव्हीपासून कान बाजूला घेतला. मग म्हणाली, "बंद कर तो डबा. तू म्हणून दाखव."

त्याने मला हनुवटीशी धरलं. आईने चाचपडत हात पुढे केला. "हे कसलं पायपुसणं!" म्हणत मला ओढून फेकलं. "हं, बोल आता."

मी अजून खुर्चीखालीच पडलेय. पायपुसणं म्हटल्याचा राग आहेच, पण मालिकावाल्यांनो, तुमच्यावरचा जास्त आहे. दाढ्या हव्या तेवढ्या चिकटवा, पण माणसाचा आवाज तेवढा त्याच्याकडे राहू द्या. कारण तो ते वाक्य बोलला, तेव्हा आईने त्याचा उघडा गाल हाताने चाचपला.

"हां," ती म्हणाली, "आता आलास."